खालच्या सुरातला धवला

अठराशे सत्त्याण्णव सालच्या मरीनं, म्हणजे प्लेगनं, कोपर गावात घरटी एक तरी माणूस नेलं होतं. पुढच्या माघात मिठागरात मिठाच्या राशी उभ्या राहिल्या, पण पाट्या वाहायला हात पुरेनात. अशाच एका राशीच्या आडोशाला भर दुपारी शेवंती एकटी उभी राहून गळा तपासत होती. आसपास चिटपाखरू नाही, याची खात्री करून घेतली होती बिचारीनं!

"पाच पानांचा मांडव गे, दारी आला नवरदेव..."

पहिली ओळ निघाली. दुसरी वर चढायची, तिथं आवाज चिरकला आणि फाटला. तिनं पुन्हा घेतला. पुन्हा फाटला. ती मटकन खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

आता, रडण्यासारखं काय होतं, ते सांगायला हवं. शेवंतीची मावशी आवडाबाई म्हणजे पाच गावांची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवलारीण हवीच. तिनं धवल्याची गाणी म्हटल्याशिवाय हळद लागत नाही आणि माळ पडत नाही. आईबापाविना पोरीला आवडाबाईनं वाढवलं आणि "आधी धवला पुरा शिक, मंग नवरा" असं म्हणत अठराची केली. मरी आली, मावशी तीन दिवसांत गेली. शेवंतीलाही गाठ आली होती. ती वाचली, पण आवाज परत आला तो चांगला दोन सूर खाली आणि घोगरा. पोरसवदा धवलारीण कुणी पाहिली नव्हती, तरी नाइलाजानं गावांनी तिला बोलावलं होतं. चार दिवसांवर मरीनंतरचं पहिलं लग्न. तिथं गळा फाटला, की पाच गावं गेली. मग जन्मभर डोक्यावर मिठाची पाटी, आणि मावशीचा धवला मावशीबरोबर मातीत.

आणि तेवढ्यात राशीच्या पलीकडून सनई वाजली.

तीच चाल. तीच ओळ. पण खाली... अगदी तिच्या गळ्याच्या उंबऱ्यावर.

"कोन हाय रं तिकडं?" शेवंती डोळे पुसत उठली.

राशीमागून एक तरणाबांड पोरगा आला. उंच, काटक, गालफडं जरा बसलेली, पण डोळे असे हसरे, की बाई गं! खांद्यावर पांढरा पंचा, हातात सनई.

"मोहने गावचा धाकू. लग्नाचा सनईवाला. तू रडतेस बरी. गातेस कशी, ते आजून ऐकायचाय."

"चोरून ऐकतोस वर त्वांड करून बोलतोस?"

"चोरून कशाला? मी सनईची पात भिजवत बसलेलू. तूच आलीस गात."

त्याचा बापही सनईवालाच होता. भाऊबंदांनी नावं ठेवली, "आगऱ्याच्या पोरान कवा सनई फुकली का?" म्हणून हिणवलं, तरी म्हाताऱ्यानं सोडली नाही. तीस वर्षं तो आवडाबाईबरोबर वाजवत होता. तोही मरीतच गेला. ही सनई त्याचीच.

शेवंतीनं सनईकडं पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "ही तर मावशीच्या सुराला बांधलेली. मी तिकडं पोचत नाय रं. लाकूड काय खाली उतरतंय?"

"लाकूड नाय उतरत," धाकू म्हणाला. "बोटां उतरतात. बग..."

त्यानं सनई ओठाला लावली. मावशीचा सा जिथं होता ती जागा सोडली, आणि आणखी दोन भोकं झाकून खालून सुरुवात केली. सगळी बोटं वेगळीच पडत होती, कुठं भोक अर्धंच दाबायचं, कुठं कडेनं झाकायचं. पण गाणं तेच! जरासुद्धा वाकडं नाही. फक्त घर बदललेलं.

"आता म्हन," तो म्हणाला.

"तुज्यासमोर?"

"मी डोले मिटतू."

त्यानं खरंच मिटले. आणि शेवंतीनं धवला म्हटला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही न फाटता. धाकूनं डोळे उघडले. कमरेच्या गाठीतून खडीसाखरेचा खडा काढून त्यानं तिच्या तळव्यावर ठेवला आणि मिठागराच्या बांधावरून चालू लागला. त्या एवढ्याशा खड्यानं तिचा हात दिवसभर गरम राहिला, आता काय म्हणावं!

लग्नात शेवंती त्या खालच्या सुरात गायली. बायका आधी एकमेकींकडं बघायला लागल्या. मग एकीनं पदर डोळ्याला लावला, मग दुसरीनं. ज्या मांडवात प्रत्येकाचं कुणी ना कुणी कमी होतं, तिथं तो जड आवाज लोकांना आपला वाटला. तिच्यामागं ओळ झेलणारी हौसाबाई, पन्नाशीची आणि तोंडाची फटकळ. ती कानाशी लागली, "पोरी, नवऱ्याकडं बगून गा. सनईवाल्याकडं काय बगतेस?"

"सूर धरायला बगते."

"हां... सूरच धर हां. दुसरा काय धरू नको."

फाल्गुन गेला. कल्याण, मोहने, कोपर, खाडीपलीकडची गावं... लग्नामागून लग्न. मरीनं अडलेली सगळी लग्नं त्या वर्षी उरकत होती. होडीतून जाताना धाकू नेमका तिच्यासमोर बसायचा आणि पाण्याकडं बघतोय असं दाखवायचा. मांडवात ती मान इतकुशी हलवायची, की त्याची बोटं खाली सरकायची. मध्येच त्यानं पांढरा पंचा टाकून लाल रुमाल घेतला.

"नवरदेव कोन? तू का तो?" तिनं छेडलं.

"तू म्हनशील तो," धाकू म्हणाला, आणि त्याला खोकला आला. रुमालात तोंड घालून तो बराच वेळ खोकत राहिला. "धूल गेली," म्हणाला.

चैत्रात एका पहाटे विहिरीवर पाणी शेंदताना शेवंतीनं सहज तान घेतली, आणि आवाज चढला. चढला तो थेट मावशीच्या सुरापर्यंत, विनासायास. ती घागर तिथंच टाकून हौसाबाईकडं धावली, आणि तिथून खाडीच्या धक्क्यावर. धाकू होडीची वाट बघत होता.

"माजा गला आला!" ती धापा टाकत म्हणाली. "धाकू, वरचा सूर आला! आता तुना बोटां मोडायला नको. मावशीच्या सुराच्या घरान जाऊ आपन!"

तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "बेस झायला," म्हणाला. सनई उचलून त्यानं वरचा सूर फुंकला. लागला... थरथरला... आणि तुटला. तो वाकून खोकला, वाळूत थुंकला आणि त्यावर पाय ठेवला.

"पाय काढ."

"पान खाल्ला."

"तू पान खात नायस. पाय काढ, धाकू."

त्यानं पाय काढला. वाळू लाल झाली होती. शेवंतीनं त्याच्या खांद्यावरच्या रुमालाकडं पाहिलं. लाल का घेतला होता, ते तिला आत्ता कळलं.

"कवापासून?"

"गेल्या पावसाल्यापासून. बाप गेला, त्या आधीपासून." तो धक्क्यावर बसला. "कल्याणच्या ठेसनावर मरीची गाठ बगायला सायबाच्या डाक्टरनी काखा चाचपल्या. गाठ नाय, जा म्हनाला. छातीन काय हाय, ते कोन बगतंय? वरच्या सुराला छातीतला सगला वारा लागतो, शेवंती. मना तो नाय राहिला. त्या दिवशी राशीमागं तुजा उतरलेला गला ऐकला आनि मी देवाला हात जोडले. म्हटला, वाचलू."

"म्हंजे... माज्यासाठी नाय उतरलास तू?"

"पयल्या दिवशी माज्यासाठी उतरलू."

"लबाड!" ती किंचाळली. दोन महिन्यांचं सुख एका फटक्यात खोटं झाल्यासारखं तिला वाटलं. "आनि मी येडी खडीसाखर जपून ठेवतेय..."

"दुसऱ्या दिवसापासून तुज्यासाठी," धाकू खाली बघत म्हणाला. "सनई खाली ठेव, असा वैदू कवाच बोलला. ठेवली असती तर तुना बगायला कुठं मिलला असता?"

शेवंती त्याच्या शेजारी बसली. होडी आली, माणसं चढली, होडी गेली. दोघंही उठली नाहीत.

हौसाबाईच्या पोटात गोष्ट राहते होय! गळा सुटल्याची बातमी आनंदाच्या भरात तिनं पाचही गावांत पोचवली. वैशाखात गोपीनाथ पाटलाच्या मुलीचं लग्न होतं. पाटलानं शेवंतीला बोलावून स्पष्ट सांगितलं, "लग्न हाय, मयत नाय. माज्या तीन पोरींना आवडाबाईच्या सुरात हलद लागली, चौथीलाबी तोच सूर पायजे. जमत असंल तर पाची गावां तुजी. नायतर दुसरी धवलारीण बगू."

धाकूनं ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "घे वरचा. मी देतू."

मांडव माणसांनी भरला. रीत अशी, की सनई आधी सूर देते आणि धवलारीण तो उचलते. धाकूनं सनई लावली, आणि दिला की हो वरचा सूर! अगदी आवडाबाईचा, लखलखीत. पाटील खूश होऊन मान डोलवायला लागला. शेवंती बघत होती. धाकूच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तरी तो सूर सोडत नव्हता. तिला फक्त तोंड उघडायचं होतं. गळा तयार होता, पाच गावं समोर होती, मावशी वर कुठूनतरी ऐकत होती.

तिनं तोंड उघडलं आणि धवला घेतला. दोन सूर खाली.

सनई क्षणभर अडखळली. धाकूनं तिच्याकडं पाहिलं, डोळ्यांनीच "नको" म्हणाला. तिनं मान इतकुशी हलवली, नेहमीसारखी. मग त्याची बोटं खाली सरकली. पाटलाचा चेहरा काळाठिक्कर पडला, पण धवला मध्ये तोडता येत नाही. शेवंतीनं तो सगळा त्याच सुरात म्हटला.

"पाच गावां घालवलीस, येडे," मांडवाबाहेर धाकू म्हणाला. 

"गेली तर गेली."

"मी किती दिसाचा?"

"जितक्या दिसाचा हायस, तितक्या दिसाचा मना पायजेस. आता बोलू नको, खोकला येल."

तर असं ठरलं. ज्येष्ठात दोघांचं लग्न. क्षयाच्या माणसाच्या घरी जेवायला कोण येणार? पाटलानं नेमलेली नवी धवलारीण तर आलीच नाही. मांडवात मोजकी माणसं, आणि हौसाबाई, जी आल्याआल्या म्हणाली, "नवरा सनईवाला, नवरी धवलारीण. आमी काय निसत्या टाल्या वाजवाव्या?"

पण धवल्यावाचून लग्न लागत नाही. म्हणून मुंडावळ्या बांधलेल्या नवरीनं स्वतःचाच धवला म्हणायला घेतला. असं कुणी कधी केलं नव्हतं. धाकूला आता चाल वाजवणं झेपत नव्हतं. त्यानं सनईचं सगळ्यात खालचं भोक धरलं आणि नुसता एक सूर लावला. तो जिथं होता, तिथं शेवंतीनं आपला सा ठेवला. ओळ संपली, की त्याचा दम संपायचा. ती थांबायची. तो श्वास घ्यायचा. मग पुढची ओळ.

आणि मग ती ओळ आली, जिथं धवलारीण नवऱ्याचं नाव घेते.

शेवंती थबकली. बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ नये, घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, हे प्रत्येक पोरीला आईच्या दुधाबरोबर शिकवलेलं. आणि इथं घटायला उरलं होतंच किती!  हौसाबाई हळूच म्हणाली, "थांब बाय, मी घेते नाव."

धाकूनं सनई तोंडातून काढली. "नको," म्हणाला. "तू घे. मना तुज्या तोंडान ऐकायचाय... एकदा तरी."

त्यानं पुन्हा सनई लावली. सूर आला, बारीक, पण सरळ. शेवंतीनं त्याच्याकडं बघून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं, ते नाव घेतलं.

"धाकू."

सूर तिनं घेतलेल्या नावाखाली धरलेला राहिला, मग विरला. ती त्याच्या पुढच्या श्वासाची वाट बघत उभी राहिली. तो आला. मग तिनं पुढची ओळ घेतली.