उजव्या चाकाजवळ

जेवणं झाली होती. भैयाजींच्या अंगणात शेकोटी पेटली होती आणि गुंजन, मेघा, अर्णव अशी सगळी भाचरं शाली गुंडाळून तिच्याभोवती बसली होती. अर्णवने नुकतीच एक जुनी गाडी घेतली होती. तिचं कौतुक चाललं होतं. बोलता बोलता तो म्हणाला, गाडी तशी चांगली आहे, फक्त वळताना पुढून बारीक आवाज येतो.

भैयाजींनी काडीने निखारे सारखे केले.

"कोणत्या बाजूनं?"

"डावीकडून वाटते, मामाजी."

"वाटते म्हणजे? बाहेरून कोणाले ऐकायले लावलं का?"

"नाही अजून."

"लाव. पण दिवसा लाव. अन् ओळखीचा माणूस लाव." भैयाजींनी हातातली काडी शेकोटीत टाकली. "आमच्या कंपनीत एक रविंद्र होता. त्याच्यासोबत झालं हे. खोटं बोलणारा माणूस नाही तो. खरं म्हणजे बोलणाराच माणूस नाही."

गुंजन हसली. "झालं! आता रातभर झोप नाही."

"मग आत जाऊन झोप वं बाई. कोणं अडवलं तुले?"

गुंजन गेली नाही. उलट मेघाच्या अंगाला सरकून बसली. आणि भैयाजींनी सांगायला सुरुवात केली.

रविंद्र नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत मशीनवर होता. भाड्याच्या दोन खोल्या आणि त्यात तो एकटा. बायको भावना दीड वर्षापासून मुलीला घेऊन पारशिवनीला माहेरी राहत होती. भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. रविंद्र शिफ्टवरून यायचा, जेवायचा आणि झोपायचा. भावना दिवसभराचं सांगत बसायची आणि तो नुसता 'हं' म्हणायचा. एक दिवस ती म्हणाली, "भिंतीपाशी बोललं तर निदान आपला आवाज तरी परत येते," आणि काजलला घेऊन निघून गेली.

त्यानंतर दोनदा रविंद्रने न्यायला येतो म्हणून सांगितलं. दोन्ही वेळा ऐनवेळी ओव्हरटाइम लागला. दोन्ही वेळा चार वर्षांची काजल चपला घालून ओट्यावर बसून राहिली. हे त्याला सासूबाईंनी फोनवर सांगितलं होतं. तेव्हापासून ओव्हरटाइम घ्यायलाच त्याचं मन होत नसे.

आता दत्तजयंती आली होती. सासऱ्यांकडे दरवर्षी त्या दिवशी प्रसादाचं जेवण असायचं. भावनाने स्वतः फोन केला. म्हणाली, "जेवायले या. संध्याकाळी आम्ही येऊ सोबत. काजलले बस लागते, तेवढी गाडी घेऊन या. अन् या वेळी नसन जमत, तर आताच सांगा. मी तिले चपला घालून बसवणार नाही."

"येतो," रविंद्र म्हणाला.

पोरीला बस लागते म्हणूनच तर त्याने जुनी गाडी घेतली होती. पण ती डावीकडे वळली की कट-कट वाजायची. हिंगणा नाक्याजवळ सौरव नावाच्या मेकॅनिकचं छोटं गॅरेज होतं. रविंद्रने त्याला सांगितलं, डावीकडे वळलो की वाजते. सौरवने डाव्या चाकाचा एक्सल बदलला आणि दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, गाडी हातात दिली.

पहिल्याच वळणावर गाडी वाजली. कट… कट… कट.

तोवर सौरव गॅरेज बंद करून उमरेडला लग्नाला निघाला होता. फोन लागला तेव्हा तो मांडवात होता, मागून बँडचा गोंगाट येत होता. "भाऊ, असं करा," तो ओरडून म्हणाला, "मोकळ्या जागी न्या. स्टिअरिंग एका बाजूले पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा. अन् एकाले बाहेरून चाकाजवळ चालायले लावा. आत बसून बाजू कळत नाही. नेमकं कळलं का मले फोन करजा."

एकाला चालायला लावा. एवढंच तर काम होतं.

रविंद्रने मोबाइलमधली नावं वरून खाली पाहिली. कंपनीतला रुपराव सेकंड शिफ्टला होता. शेजारच्यांनी दार न उघडताच सर्दी झाल्याचं सांगितलं. बाकी नावं होती, पण रात्रीच्या वेळी 'जरा माझ्या गाडीसोबत चालता का' असं ज्याला म्हणता येईल, असं त्यात एकही नव्हतं. अठरा वर्षं या गावात काढली आणि चाकाजवळ चालायला एक माणूस नाही, हे त्या रात्री त्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं.

शेवटी तो एकटाच निघाला.

दहा वाजून गेले होते. एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर एका बंद पडलेल्या कंपनीचं मोठं मैदान होतं. फाटक कधीचंच कोणीतरी काढून नेलं होतं. चांदणं भरपूर होतं, पण धुक्यामुळे ते दुधात पाणी घातल्यासारखं दिसत होतं. रविंद्रने गाडी आत घातली. घोट्याएवढं वाळकं गवत चाकाखाली चुरचुरलं. त्याने काच खाली केली, स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं आणि गाडी हळूहळू गोल फिरवायला लागला.

कट… कट… कट.

एक चक्कर झाली. दोन झाल्या. आवाज साऱ्या गाडीतून आल्यासारखा वाटत होता. कोणत्या चाकातून येतो ते काही केल्या कळेना.

"सोबत कोणी नाही का?"

रविंद्र दचकला. त्याच्या खिडकीजवळ, उजव्या बाजूला, एक माणूस उभा होता. राखाडी स्वेटर, कानावरून मफलर. मफलरमुळे तोंड नीट दिसत नव्हतं. कंपनीचा चौकीदार असेल, असं रविंद्रला वाटलं.

"नाही ना, काका. एकटाच आहो. वळताना आवाज येऊन राहिला, म्हणून…"

"ऐकलं मी. चालू द्या. मी चालतो सोबत."

रविंद्रला एवढं बरं वाटलं, की आभार मानायचंही सुचलं नाही. त्याने गाडी पुढे काढली. माणूस बोनेटवर हात ठेवून पुढच्या चाकाजवळून चालायला लागला. मान वाकवून ऐकत होता. एक चक्कर पूर्ण झाली.

"उजवं," तो म्हणाला.

"उजवं? डावीकडं वळलो तरच वाजते, काका. डावा एक्सल तर आजच बदलला."

"तो चुकला. गाडी डावीकडं वळली, का भार उजव्या चाकावर येते. उजव्याचाच जॉइंट गेला आहे. आतल्या लोखंडी गोळ्या सुटून राहिल्या."

आवाज शांत होता, घरच्या माणसासारखा. रविंद्रने विचारलं, "उद्या पारशिवनीले जायचं आहे. पोचन का गाडी?"

माणसाने मान आणखी वाकवली. चाक फिरत होतं. कट… कट…

"पोचन."

"मग झालं. सोमवारी करतो काम."

"येताना नाही पोचत."

रविंद्रने त्याच्याकडे पाहिलं.

"येताना तुम्ही तिघं असान ना," माणूस म्हणाला. "पोरगी मागं झोपून राहीन. कन्हानच्या पुलाच्या अलीकडं वळण आहे…"

तो पुन्हा मान वाकवून ऐकायला लागला.

पोरीचं नाव रविंद्रने काढलं नव्हतं. तिघं येणार, हेही तो बोलला नव्हता. त्याने मनाशी आठवून पाहिलं. नाही. एक शब्दही नाही.

मग त्याला दुसरी गोष्ट दिसली. गाडी डावीकडे गोल फिरत होती. म्हणजे माणूस बाहेरच्या बाजूला होता. त्याला गाडीपेक्षा मोठी चक्कर पडत होती. तरी तो एकदाही मागे पडला नव्हता.

रविंद्रने ॲक्सिलरेटर थोडा दाबला.

स्वेटर खिडकीजवळच होतं.

अजून दाबला. गाडी हादरायला लागली. कट-कट-कट-कट… आता कोणताही माणूस धावला असता. धापा टाकल्या असत्या.

खिडकीजवळ धाप नव्हती. पावलं वाजत नव्हती. गवत चुरचुरत होतं ते फक्त चाकाखालचं.

"इतक्या जोरात नका फिरवू," आवाज आला. तसाच. शांत. तेवढ्याच अंतरावरून. "ऐकू येत नाही."

रविंद्रने पाय उचलला. मान वळवून पाहायची हिंमत होईना. समोर उजेडाचा पट्टा फिरत होता. गवत. भिंत. फाटक. गवत. भिंत…

पुढच्या वेळी फाटक समोर आलं, की स्टिअरिंग सरळ करायचं. आणि निघायचं.

भिंत गेली. फाटक आलं. त्याने स्टिअरिंग सोडलं…

"अजून एक चक्कर मारा ना."

…

"इकडं कोणी येत नाही, साहेब."

शेकोटीभोवती कोणी हललं नाही. भैयाजी निखाऱ्यांकडे पाहत होते.

"मग?" मेघाने हळूच विचारलं. "पळाला ना तो?"

"तू पळाली असती. मीही पळालो असतो," भैयाजी म्हणाले.

रविंद्र पळाला नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. एवढंच म्हणाला, की तो आवाज त्याच्या ओळखीचा वाटला. रोज रात्री कुलूप उघडून घरात शिरलं आणि स्वतःशीच काही बोललं, की त्याचा स्वतःचा आवाज तसाच यायचा.

त्याने स्टिअरिंग पुन्हा डावीकडे वळवलं. दात घट्ट धरले. समोर पाहत राहिला. हळू, अगदी हळू, त्याने एक चक्कर पूर्ण केली. खिडकीजवळ कोणी काही बोललं नाही. कट… कट… कट…

मग फाटक आलं. तो बाहेर पडला. मागे पाहिलं नाही. आरशातही नाही.

रात्रभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नाही. गाडी न्यावी, तर ते वळण. न न्यावी, तर भावना म्हणणार, पुन्हा तेच. आणि कारण तरी काय सांगणार? मैदानात एक माणूस भेटला आणि त्याने सांगितलं?

सकाळी त्याने फोन केला. "गाडी आणत नाही मी."

मग भावना म्हणाली, "म्हणजे येत नाही."

"येतो. बसनं येतो. पहिल्या गाडीनं निघून राहिलो. काजलले चपला घालून बसव. भावना… फोन ठेवू नको. मी बस स्टँडवर जाईपर्यंत बोलत राहा ना."

"आज काय झालं तुम्हाले?"

"काही नाही. बोल तू."

आणि ती बोलत राहिली. तो ऐकत होता, मधूनमधून विचारत होता. सासऱ्यांच्या दारात तो पोचला तेव्हा काजल ओट्यावर चपला घालून बसली होती. संध्याकाळी तिघं बसनेच नागपूरला आले. काजल दोनदा ओकली. भावना पदराने तिचं तोंड पुसत रविंद्रला म्हणाली, "गाडी घेतली म्हणे माणसानं! दारात ठेवून पूजा करायले घेतली का?" पण हे म्हणताना ती हसत होती.

सोमवारी सौरवने उजवं चाक उघडलं. गोळ्या धरून ठेवणारी आतली जाळी तुटली होती, गोळ्या मोकळ्या झाल्या होत्या.

"तुम्ही एकटे होते म्हणून चालली, भाऊ. मागं वजन असतं अन् जोरात वळले असते तर… जाऊ द्या. कोणं ओळखलं हे?"

"होता एक जण."

"पक्का कान आहे त्याचा. आता गाडी त्याच जागी नेऊन फिरवून पाहा. आवाज गेला का नाही, तिथंच कळन."

काम झाल्यावर रविंद्रने भावना आणि काजलला घरून गाडीत घेतलं. चार वाजले होते, ऊन चांगलं पडलं होतं. रविंद्रने गाडी मैदानात नेली. स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं. गाडी गोल फिरली. काही वाजलं नाही. खिडकीजवळ कोणी नव्हतं.

"अहो," भावना म्हणाली, "थांबवा जरा. इथं कोण चालते हो?"

रविंद्र खाली उतरला.

शुक्रवारी रात्री त्याची चाकं जिथून फिरली होती, तिथे गवत दबून दोन पुसट रेघा उमटल्या होत्या. आणि त्यांच्या बाहेर, उजव्या चाकापासून हातभर अंतरावर, एक पायवाट होती. एका रात्रीत पडावी तशी ती नव्हती. वर्षानुवर्षं चालून माती गुळगुळीत, घट्ट झाली होती. तिच्यावर गवताची एक काडी उगवलेली नव्हती.

रविंद्र तिच्या कडेकडेने चालत गेला. फाटकाकडे ती वळत नव्हती. भिंतीकडे जात नव्हती. चालता चालता तो पुन्हा गाडीच्या उजव्या चाकाजवळ आला.

पायवाट गोल होती.