पंचवीस दिवसांचा हिवाळा

नेगी प्रयोगशाळेत शिरले ते बुटांवरचा बर्फही न झटकता. हातातल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये मातीचा चौकोनी तुकडा होता आणि त्यातून तालीस या सूचिपर्णी वृक्षाचे सहा-सात कोंब वर आले होते.

“मॅडम, रुजलं! डोंगरधारेवरच्या झाडांचं स्वतःचं बी!”

डॉ. शर्वाणी टिकेकरच्या डोळ्यांत पाणी आलं. उत्तराखंडातल्या या उंच खोऱ्यात तिने लावलेलं वन पहिल्यांदाच आपण होऊन नवी रोपं देत होतं. तिने भिंगातून एक कोंब न्याहाळला. मग तिची नजर दिनदर्शिकेकडे गेली. डिसेंबरची अकरा तारीख.

“नेगीजी, हे आत्ता कसं रुजलं? एप्रिलमध्ये रुजायला हवं.”

रोपवाटिकेत हयात घातलेल्या नेगींनी ट्रे तिच्यापुढे सरकवला. “बर्फाखाली असे शेकडो आहेत,” ते म्हणाले.

तीन दिवसांनी कडाक्याची थंडी पडली आणि ते शेकडो कोंब काळे पडले.

चौदा वर्षांपूर्वी शर्वाणी इथे आली, तेव्हा खोऱ्यात मूळचे तालीस एकाहत्तर उरले होते. खालून चढत आलेल्या उष्म्याने तेही वाळत चालले होते. हे झाड मुळातच सावकाश. रोप सावलीत वाढतं, पहिली काही वर्षं वीतभरही होत नाही, आणि चाळिसेक हिवाळे सोसल्याशिवाय शंकू धरत नाही. बी तर दोन-तीन वर्षांत मरतं, त्यामुळे साठवूनही ठेवता येत नाही. शर्वाणीने तोड काढली ती ‘ऋतुवेग कक्षा’ची. त्या बंद दालनात पंचवीस दिवसांचा हिवाळा आणि पासष्ट दिवसांचा उन्हाळा, असे वर्षाला चार हिवाळे पडत. नऊ वर्षांत झाडांनी छत्तीस हिवाळे पाहिले. मग ती वरच्या धारेवर लावली आणि पाचव्या वर्षी शेंड्यांवर जांभळे शंकू उभे राहिले.

शेवटचं रानटी बी हाती आलं, तेव्हा नेगी म्हणाले होते, “मॅडम, निम्मं बाहेर पेरू या का? आपल्या चालीनं वाढेल.”

“चाळीस वर्षं कोण थांबणार, नेगीजी? आणि जगलं नाही तर? इथे एकेक दाणा मोलाचा आहे.”

सगळं बी कक्षात गेलं. एकाहत्तर झाडांपैकी आता एकही उरलं नव्हतं.

जानेवारीत पुण्याहून आबिद मुजावरचा फोन आला. जनुकांचा अभ्यासक. काळ्या पडलेल्या कोंबांचे नमुने तिने त्याच्याकडे पाठवले होते.

“शर्वाणीताई, जनुकं शाबूत आहेत. त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा वेगळ्या आहेत. हिवाळा किती लांब असतो, हे झाड पहिल्या काही वर्षांत शिकतं. त्या खुणा मग त्याच्या बियांतही उतरतात. या आठवणीला मी शीतस्मृती म्हणतो.”

“पण मोठी झाडं तर एप्रिलमध्येच फुटतात.”

“त्यांना उजेड दिसतो ना. दिवस मोठा होईपर्यंत ती थांबतात. बर्फाखालच्या बीला काय दिसणार? ते फक्त गारठ्याचे दिवस मोजतं. पंचवीस भरले की त्याच्या लेखी हिवाळा संपला.”

धारेवर अकरा हजार झाडं होती. हिरवीगार, निरोगी. दोनशे वर्षं जगतील. आणि त्यांच्या खाली एकही रोप उभं राहणार नाही.

“उपाय आहे,” आबिद म्हणाला. “कोरडं बी थंडी मोजत नाही. शंकू फांदीवरच विस्कटतात, त्याआधी ते उतरवून घ्यायचे. बी कोरडं ठेवायचं, मार्चमध्ये भिजवून पंचवीस दिवस गारठ्यात ठेवायचं आणि एप्रिलमध्ये उघड्यावर पेरायचं. त्या रोपांनी खरे, पाच-पाच महिन्यांचे हिवाळे पाहिले, की जुन्या खुणा पुसल्या जातील. त्यांचं बी वेळेवर रुजेल.”

“म्हणजे पुन्हा चाळीस हिवाळे. कक्षात दहा वर्षांत—” ती थांबली.

“कक्षात नाही, ताई.”

“हो. कक्षात नाही.”

हिवाळा लांब असतो हे शिकवायचं, तर लांबच हिवाळा द्यायला हवा. त्याला आखूड वाट नव्हती. तिने टाळली होती ती चाळीसही वर्षं आता लागणार होती, आणि तिला सत्तावन्नावं चालू होतं.

पुढचे शंकू तिसऱ्या वर्षी आले. गावातल्या बायका-पुरुषांनी दोर लावून ते उतरवले. एप्रिलमध्ये नेगींनी जुन्या बांज-ओकांच्या सावलीत वाफे केले. गुडघे दुखत असूनही शर्वाणी दिवसभर त्यांच्याबरोबर ओणवी होती.

“तेव्हा मी तुमचं ऐकायला हवं होतं,” ती मातीकडे पाहत म्हणाली.

नेगींनी हातातलं बी बोटभर खोल दाबलं. “मीही एकदाच बोललो, मॅडम. दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं.”

संध्याकाळी त्यांनी नोंदीचं पत्र्याचं लेबल तिच्यापुढे धरलं. पेरणीची तारीख त्यांनी घातली होती: एप्रिल २०६९. ‘बीजधारणेची तपासणी’ या ओळीवर तिने सावकाश वर्ष कोरलं: २१०९. खाली ‘तपासणाऱ्याचं नाव’ अशी ओळ होती. तिने ती कोरी ठेवली आणि लेबल ठोकायच्या खिळ्यासाठी हात पुढे केला.