पाचवं मिनिट

अहवाल हातात पडला तेव्हा निशिकांत थोरवे हसले. त्यांना ती कुणाची तरी थट्टा वाटली. मग त्यांनी डॉ. इब्राहिम मुकादमांचा चेहरा पाहिला.

"रक्तात धूलिन सापडलंय," डॉक्टर म्हणाले. "आज संध्याकाळच्या यानाने तुम्हाला पृथ्वीवर जावं लागेल. परत येता येणार नाही."

चांद्रधूळ फुप्फुसात मुरायला लागली की रक्तात धूलिन उतरतं आणि अशा माणसाला चंद्रावरच्या तळावर ठेवत नाहीत, हा नियम थोरव्यांना पाठ होता. पण सहा वर्षं त्यांनी खणलेली विहीर आता कुठे बर्फाला टेकली होती. पहिलं पाणी निघालं की ते प्रयोगशाळेतल्या पाटकरबाईंकडे तपासायला न्यायचं, हे ते येताजाता सगळ्यांना सांगत. आता ते तडक त्याच बाईंकडे गेले. डॉक्टर त्यांच्या मागोमाग.

डॉ. सुलक्षणा पाटकर या तळावरच्या सर्वांत जुन्या रहिवासी. पृथ्वीवर त्यांचं कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे परतीचा विषय निघाला की त्या दुसरीकडे बघत. तपासणीच्या दिवशी यंत्र ठीक आहे ना हे पाहायला आधी एका निरोगी माणसाचं रक्त त्यात सोडावं लागतं. बाई स्वतःचंच सोडत आणि वर म्हणत, "माझ्याइतकं ठणठणीत इथं आहे कोण?" त्यानंतर थोरव्यांचा नंबर, कारण त्यांना विहिरीवर जायची घाई.

"बाई, तुमचं यंत्र चुकलं," थोरवे म्हणाले.

"माझं यंत्र चुकत नाही," बाई फणकारल्या. पण थोरव्यांचा आलेख त्यांनी पडद्यावर पुन्हा उघडला.

"हे शिखर म्हणजे धूलिन? कशावरून?" आलेखातल्या उंचवट्याकडे बोट दाखवत थोरव्यांनी विचारलं.

"ही नळी बघा, आमचा स्तंभ. आत बारीक कण ठासून भरलेत आणि त्यांतून द्रावण सतत वाहतंय. रक्तातले पदार्थ त्याच्याबरोबर निघतात. बाजाराच्या गल्लीतून माणसं जातात ना, तसे. ज्याला काही घ्यायचं नाही तो सरळ बाहेर पडतो. ज्याला प्रत्येक दुकानात डोकावायचंय तो मागे राहतो. बाहेर पडताना प्रत्येकाचं शिखर उमटतं. किती वेळाने आलं, त्यावरून तो कोण हे ओळखायचं. धूलिन पहिल्या मिनिटाला येतं."

"पूर्वी एका तपासणीला अठरा मिनिटं लागायची ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो. मग मी तो सुधारक प्रोग्राम बसवला. द्रावणाचं मिश्रण बदल, तापमान बदल, पण वेळ वाचव, असं त्याला सांगितलं. त्याने एक खेप चार मिनिटांवर आणली." बाई पडद्याकडे वाकल्या. "पण हे शिखर असं बसकं का?"

"बसकं असलं तर?" थोरव्यांनी विचारलं.

"नळीत जितका जास्त वेळ जाईल तितकी पांगापांग होते. मिनिटभरात बाहेर पडलं असतं तर सुईसारखं टोकदार हवं होतं. हे तर टोपली पालथी घातल्यासारखं दिसतंय."

बाईंनी नळी स्वच्छ धुऊन शुद्ध धूलिन एकदाच सोडलं. पहिलं मिनिट कोरं गेलं. दुसरं, तिसरंही. चौथं संपताच यंत्र पुढच्या नमुन्यासाठी सरसावलं, तेव्हा बाईंनी त्याला थांबवलं. द्रावण वाहत राहिलं. पाचवं मिनिट भरलं आणि तेच बसकं शिखर वर आलं.

बाईंनी सकाळच्या नमुन्यांची यादी उघडली, पहिली दोन नावं पाहिली आणि ती मिटली.

"म्हणजे सुधारकाने फसवलं?" डॉक्टर म्हणाले.

"नाही हो. तो शुद्ध धूलिन एकामागोमाग सोडत गेला. पहिल्या खेपेचं शिखर दुसरीच्या पहिल्या मिनिटात आलं, दुसरीचं तिसरीच्या. नमुने सगळे सारखेच, मग त्याला कळणार कसं? अगदी पहिल्या खेपेत शिखर नव्हतं. पण पहिली खेप यंत्र तापण्यात जाते म्हणून आम्ही ती मोजत नाही. ही रीत मीच त्याला शिकवली." बाईंचा आवाज खाली आला होता. "निशिकांत, बसा. तुमचं रक्त एकटं सोडून बघू."

दहा मिनिटं गेली तरी धूलिनचा मागमूस नव्हता. थोरव्यांनी डॉक्टरांना मिठीच मारली. त्यांचे डोळे भरून आले होते. विहीर त्यांची राहिली होती.

डॉक्टर मिठीतून सुटले आणि चष्मा सारखा करत म्हणाले, "पण मग सकाळी यांच्या खेपेत आलेलं धूलिन यांच्या आधीच्या नमुन्याचं. यांच्या आधी कोण..." आणि ते थांबले.

बाईंनी आपल्या रक्ताची कुपी त्यांच्या हातात ठेवली. "हे तुम्ही सोडा. माझं मीच तपासायला नको."

तिघंही पडद्यासमोर उभे राहिले. पाचव्या मिनिटाला शिखर आलं.

"बाई, तुम्हाला कधी कळलं?" थोरव्यांनी विचारलं.

"शुद्ध धूलिन सोडलं तेव्हाच."

"मग आमच्यापुढे बोललात कशाला? कुणाला पत्ता लागला नसता."

"तुम्हाला यानात बसवलं असतं ना त्यांनी." बाईंनी पदराने डोळे पुसले. ते लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. "डॉक्टर, आदेशावरचं नाव बदला. बाकीच्यांची तपासणीही नव्याने करा. आणि निशिकांत, पहिलं पाणी निघालं की ते याच यंत्रात सोडा. फक्त लवकर थांबवू नका."