प्रार्थनेच्या वेळी येणारा आवाज

मी कानाची मशीनं बसवते. बावीस वर्षं झाली. तक्रारी ठरलेल्या असतात: शिट्टी वाजते, खरखर येते, सुनेचा आवाज जरा जास्तच येतो. त्यामुळे "मशीन बिघडलंय, येऊन जा," असा बाबांचा फोन आला तेव्हा मी दुकान तासभर आधी बंद केलं, ब्रश आणि दोन बॅटऱ्या पिशवीत टाकल्या आणि निघाले.

बाबांविषयी थोडं सांगायला हवं. आमच्या प्रार्थनाघरात चाळीस वर्षं तेच संध्याकाळची प्रार्थना सांगत. त्यांच्या आधी आजोबा. त्यांच्यानंतर मी, असं घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. एकोणिसाव्या वर्षी मी विचारलं, "पण ऐकतं कोण? तुम्हाला कधी उत्तर आलंय?" बाबा पाच महिने माझ्याशी बोलले नाहीत. नंतर बोलायला लागले, तो विषय टाळून. मीही मनाशी एक ठरवून टाकलं: वर कुणी असो नसो, माणसाने माणसाचं ऐकावं, एवढाच माझा धर्म. हा धंदा त्यातूनच निवडला.

पोचले तेव्हा अंधारून आलं होतं, पण बाबांनी दिवा लावला नव्हता. खोलीत औषधांचा आणि बंद खिडक्यांचा वास. मशीन टेबलावर उपड्या वाटीखाली होतं. विंचू झाकून ठेवावा तसं.

"काय होतंय?" मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं.

"प्रार्थना सुरू केली की... आत कुणीतरी बोलतं."

"रेडिओ पकडत असेल!" मी हसले. ते हसले नाहीत.

मी मळ काढला, बॅटरी बदलली. मग तपासणीची नळी मशीनला जोडून स्वतःच्या दोन्ही कानांत घातली. घड्याळ, फ्रिजची घरघर, बाबांचा श्वास. सगळं ठाकठीक.

"आता म्हणा बरं प्रार्थना."

"नको."

"बाबा, त्याशिवाय कळणार कसं?"

त्यांनी डोळे मिटले. पहिल्या दोन ओळी स्वच्छ ऐकू आल्या. तिसऱ्या ओळीला घड्याळाचा आवाज गेला. मग फ्रिजचा. मग बाबांचे ओठ हलताना दिसत होते, आवाज मात्र नव्हता. आणि त्या पोकळीतून कुणीतरी घसा खाकरला.

"कशाला हाक मारता... इथे कुणी नाही."

चिडून नाही, थकून. मी मशीनजवळ तोंड नेलं आणि कुजबुजले, "मग तुम्ही कोण?"

मग, "मीही हाकच मारतोय... मेल्यापासून."

मी नळी ओढून काढली. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"ऐकलंस ना?" ते म्हणाले. "ओळखलास आवाज?"

ओळखला होता. त्या माणसाच्या मांडीवर बसून मी हीच प्रार्थना पाठ केली होती. मी नऊ वर्षांची असताना आजोबा गेले.

त्या दिवसापासून बाबांनी प्रार्थना सोडली. जेवणही सुटत गेलं. मी त्यांच्याकडेच राहायला गेले. विसाव्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं. "तू इतके प्रश्न विचारायचीस, मी तुला गप्प बसवलं. तुला तरी काही सापडलं का गं? असेल तर दे मला."

माझ्याकडे होतं तेवढं मी दिलं. त्यांच्या कानाशी म्हणाले, "मी ऐकतेय, बाबा. तुम्ही बोला."

त्यांनी हळूच मनगट सोडलं. "तू इथे ऐकशील, पोरी. मी तिकडे चाललोय."

पहाटे गेले.

महिनाभर मी मशीनला हात लावला नाही. मग एका संध्याकाळी दुकानाचं शटर अर्धं ओढून ते स्वतःच्या कानात घातलं. आजोबांची प्रार्थना नाही म्हटली. सुचेल ते, माझ्या शब्दांत बोलले. पाऊस नाही, गिऱ्हाईक नाही, गुडघा दुखतो, असलंच काहीतरी. पलीकडे शांतता होती, पण रिकामी नव्हती. खूप माणसं दाटीवाटीने उभी राहून श्वास रोखतात, तशी. मी थांबले तसा हुंदका आला. एकाचा नाही. कितीजणांचा, मोजता येणार नाही.

म्हणून रोज बोलते. परवा शेजारच्या दुकानातून येऊन तुम्ही विचारलंत ना, दुकान बंद झाल्यावर मी आत एकटी काय बडबडते? हेच. त्यांना देण्यासारखं माझ्याकडे काही नाही, आणि माझ्या पलीकडेही कुणी नाही, हे त्यांना कळू नये एवढीच धडपड.

काल घसा बसला होता. चार वाक्यांतच थांबले. तेव्हा अगदी कानाशी एक म्हातारी बाई म्हणाली, "बोल ना गं... आणखी थोडं."

हातातला ब्रश खाली पडला. मी तो उचललासुद्धा नाही.

तो आवाज माझाच होता, म्हातारपणी होईल तसा.