काठाची पट्टी

थाप वाटली तर खुशाल उठून झोपायला जा. पण आमचा चौकटवाला थापा मारणाऱ्यांतला नव्हता. चित्रांच्या चौकटी करायचा आणि बोलायचाही मापात.

मागच्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. एक चित्रकार बाई वारली होती. कोऱ्या कापडावर पातळ रंग ओतायची. तो आत मुरायचा आणि मागे दिवा लावल्यासारखं चित्र उजळायचं. पण हयातभर तिला काळं कुत्रं विचारत नव्हतं. धाकटा भाऊही चित्रकार, नाव मोठं, हात बेताचा. त्यानं चौकटवाल्याला तिच्या खोलीवर बोलावलं.

"हे तिचं शेवटचं. सकाळी प्रदर्शनवाले न्यायला येतील. काठाची पट्टी कापून टाक, तिथं ताईची सही आहे. खाली मी माझी करतो."

चौकटवाल्याला कळायचं ते कळलं. मन खात होतं, पण गिऱ्हाईक मोठं. "बरं दादा," म्हणाला. भाऊ घरी गेला.

बाई जमिनीवर काम करायची. चित्र भिंतीपासून दारापर्यंत अंथरलेलं, आणि सही नेमकी पलीकडे, खिडकीखालच्या कोपऱ्यात. पिशवी, फोन, चपला दाराशी ठेवून हा कापडावरून तिकडे गेला. पट्टी कापली. घडी करून शर्टाच्या खिशात घातली. तेव्हा रात्रीचे बारा वाजायला दहा मिनिटं होती.

परत जायला वळला.

कापड ओलं होतं.

कधीचा वाळलेला निळा रंग... चकाकत होता. आणि सरकत होता. हळू. त्याच्याकडे. खिडकीला गज. दार पलीकडे. त्यानं टाचा भिंतीला टेकवल्या.

मग कापड दाराशी खचलं. अनवाणी पाय पडावा तसं. मग थोडं अलीकडे. मग आणखी...

"ताई," तो म्हणाला, "शिवून देतो. तुमचं नाव जागेवर लावतो. शपथ..."

रंग त्याच्या अंगठ्यापाशी थांबला. पहाटे चारला वाळला, तेव्हा कुठे तो सुटला.

सकाळी भावानं सही केली. हा हातोडी घेऊन शेजारी उभा. खिशात पट्टी. तशीच चौकट ठोकून दिली त्यानं.

आज दुपारी त्याला बघायला हॉस्पिटलात गेलो होतो. नर्स म्हणाली, काका, शर्ट बदलायला जरा हात लावा. छातीवर, खिशाच्या जागी, निळी अक्षरं. बाईच्या सहीची, उलटी उमटलेली.

"आरशात सुलट दिसतात," तो म्हणाला. "रोज दाढी करताना वाचतो. घासून घासून दमलो."

वर्ष झालं, पोरांनो. मी सहज बोट लावलं...

दिवा जरा इकडे करा. हे बोट बघा. तीनदा साबणानं धुतलंय.