मोडक्या दिवट्या

एखादी गोष्ट कुणी घडवलेली आहे की आपली आपण वाढत गेलेली, हे नुसतं बघून ओळखता येतं का? तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, कुलूप घडवलेलं आणि भोपळा वाढलेला. केतकीलाही तसंच वाटायचं. पण ती राहायची शनीच्या एका बर्फाळ चंद्रावर, आणि तिथे प्रश्न इतके सोपे नव्हते.

त्या अख्ख्या चंद्रावर माणसं दोन. अकरा वर्षांची केतकी आणि तिच्या आईचे वडील, शास्त्रज्ञ डॉ. प्रभाकर टिल्लू. आई बाळंतपणासाठी पृथ्वीवर गेली, बाबा तिच्या सोबतीला गेले, आणि यानात जागाच दोन होत्या. पुढचं यान चार वर्षांनी. भाऊ झाल्याचं केतकीला पडद्यावर कळलं. "त्याला इकडे बघायला सांग ना," ती म्हणाली. ते पृथ्वीवर पोचून उत्तर येईपर्यंत अडीच तास गेले आणि बाळ झोपून गेलं. फार एकटं वाटायचं तिला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

बर्फाखाली समुद्र होता. त्यात जीव आहेत हे वीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. त्यांना त्रास नको म्हणून तर इथे माणसं मोजकीच ठेवत. 'डुबकी' नावाचं यंत्र खाली जाऊन फोटो काढायचं आणि केतकी ते तांदूळ निवडावेत तसे निवडायची. चांगले एकीकडे, खराब किंवा तुटक्या प्राण्यांचे 'मोडके' नावाच्या फोल्डरमध्ये.

त्या सोमवारी डुबकीने वीतभर लांबीचा एक प्राणी टिपला. त्याच्या कपाळावर चक्क दिवा होता. केतकीने त्याचं नाव दिवटी ठेवलं आणि धावत आजोबांकडे गेली.

"आजोबा, ही कुणीतरी बनवलीय. बघा, मध्ये उजेड, मागे आरसा, पुढे भिंग (उजेड एका जागी गोळा करणारा पारदर्शक फुगवटा). आरसा काढा, अर्धा उजेड डोक्यात जातो. भिंग काढा, उजेड पसरून वाया जातो. एक भाग काढला तरी सगळं फुकट. मग एकेक भाग आपोआप कसा येईल? सगळे भाग एकदम कुणीतरी बसवलेत."

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला. "मुद्दा बिनतोड दिसतो खरा. आणि फार जुना आहे हो. आपल्या डोळ्याकडे बघून माणसं हेच म्हणत आली, की इतकी गुंतागुंत (अनेक भाग एकमेकांवर अवलंबून असणं) आहे, म्हणजे कुणी बुद्धिमान कर्ता असलाच पाहिजे."

केतकी नोंदवहीकडेच बघत होती. प्रत्येक शोधापुढे 'घडवलेलं' किंवा 'वाढलेलं' असं लिहायचं असे. 'घडवलेलं' लिहिलं की ते घडवणाऱ्याचा शोध घ्यायला नियमाप्रमाणे वर्षभरात मोठं यान येणार. त्यातून येणाऱ्यांत पहिली नावं आई-बाबांची, कारण हा समुद्र त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नव्हता. बाळही येणार.

आजोबांनी पेन उघडलं. "अर्ध्यामुर्ध्या दिव्याची दिवटी कुठे दिसली नाही ना तुला?"

"नाही," केतकी म्हणाली, आणि म्हणतानाच तिला 'मोडके' फोल्डर आठवलं. "थांबा. जेवून मग लिहू."

जेवण कसलं, ती तडक 'मोडके' उघडून बसली. तिथे सतरा दिवट्या होत्या. कुणाला भिंग नाही, कुणाला आरसा नाही. त्या दिवशीचे फोटो निवडताना तुटक्या म्हणून तिनेच बाजूला टाकल्या होत्या. आता नीट पाहिलं तर एकही तुटलेली नव्हती. सगळ्या धडधाकट, पोहत होत्या, खात होत्या, कुणाच्या मागे पिल्लंही होती. एक बटण दाबलं की सगळे फोटो पुसले गेले असते. केतकीचं बोट बराच वेळ त्या बटणावर होतं.

मग तिने आजोबांना हाक मारली.

आजोबांनी फोटो क्रमाने लावले. "हिची नुसती कातडी चमकते. तेवढ्यावर जोडीदार सापडतो. हिच्या कातडीला खळगा आहे, म्हणून उजेड एका दिशेला जातो. हिच्या खळग्यात चकाकते खवले आहेत, झाला आरसा. आणि हिची वरची पारदर्शक कातडी जरा जाड, झालं भिंग. ज्या पिल्लाला जरा जास्त दिसलं, त्याला जास्त खायला मिळालं, त्याची पिल्लं जास्त जगली. याला निसर्गाची निवड म्हणतात. या काही आपल्या दिवटीच्या पणज्या नव्हेत, चुलत बहिणी आहेत. पण अर्धा दिवाही कामाचा असतो, हे त्यांच्यावरून कळतं."

"पण आता एक भाग काढला तर अडतं ना?"

"आज वीज गेली की आपलं घर अडतं. म्हणून विजेआधी घरं नव्हती का? हळूहळू सगळं तिच्यावर बेतलं गेलं."

"मग कर्ता नाहीच?"

"या सगळ्याच्या मुळाशी कुणी आहे का, ते डुबकीच्या फोटोत दिसणार नाही. कुणी मानतं, कुणी नाही. पण आपल्याला कोडं सुटलं नाही, एवढ्यावरून कुणी आहे असं ठरत नाही."

केतकीने नोंदवहीत 'वाढलेलं' लिहिलं. शेवटचं अक्षर वाकडं आलं.

"मला आई यायला हवी होती," ती म्हणाली.

"मलाही," आजोबा म्हणाले. "म्हणून तर मी घाईघाईने पेन उघडलं. एरवी मी सगळे फोटो मागितले असते. आज नाही मागितले. तू दाखवलेस."

केतकी त्यांच्या कुशीत शिरून पोटभर रडली. बऱ्याच वेळाने तिने बाहीला नाक पुसलं आणि चमकत्या कातडीचा फोटो पुन्हा जवळ ओढला.

"आजोबा, कातडी चमकायला लागायच्या आधी काय होतं?"

"मला नाही माहीत. कुणालाच नाही माहीत."

"मग डुबकीला आणखी खोल सोडू या," केतकी म्हणाली.