चौथ्या टाकीवरचं ओलं गवत

ओलं गवत कापू नये, हे मी आमच्या खात्यात एकवीस वर्षं कानीकपाळी ओरडून सांगतोय. बसून चालवायचं ते मोठं गवत कापायचं यंत्र, आम्ही त्याला नुसतं मोवर म्हणतो, त्याच्या पोटाखाली पात्यांवर एक जाड पत्र्याचं झाकण असतं. त्याला डेक म्हणतात. गवत ओलं असलं की त्याचा चोथा उडून डेकला आतून चिकटतो. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. आठवड्याभरात विटेसारखी घट्ट लादी होते, पात्यांना फिरायला जागा उरत नाही, पाती फिरवणारा पट्टा जळतो आणि मग सगळे माझ्या दारात. "मिस्त्री, बघा की जरा." बघा की जरा! जसं काही मीच रात्री उठून गवतावर पाणी मारलं.

आमचं खातं पाण्याचं. शहराला लागणारं पाणी जमिनीखालच्या चार टाक्यांत साठवतात. एकेक टाकी शाळेच्या मैदानाएवढी. वर सिमेंटचं छत, छतावर दीड फूट माती आणि मातीवर गवत. गवतामुळे पाणी गार राहतं. पण ते वाढू दिलं तर मुळं छताच्या सांध्यांत शिरतात, म्हणून आठवड्यातून दोनदा कापायचं. वरून बघणाऱ्याला कुंपणाच्या आत चार सपाट हिरवे तुकडे दिसतात, आणि प्रत्येकाच्या मधोमध सिमेंटच्या छोट्या चौथऱ्यावर हवा खेळती राहायला बसवलेली लोखंडी जाळी. बस्स. बाकी पंपघर, ऑफिस आणि माझी वर्कशॉपची खोली.

मोवर चालवायचा माझा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या. छापखाना बंद पडल्यावर तीन वर्षं घरी बसून होता. भावजय शिवणावर घर ओढत होती आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हती, त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. शेवटी मी शब्द टाकला, त्याला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. सहा महिने नीट गेले की कायम.

पहिल्या तीन महिन्यांत त्याने दोन पट्टे जाळले. खातं सांभाळणाऱ्या इंजिनियर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मिस्त्री, तुमचा भाऊ म्हणून दोनदा सोडलं. तिसऱ्यांदा यंत्र बंद पडलं, तर सहा महिने संपतात त्या तीस तारखेला त्यांना नमस्कार."

"गवत ओलं असतं, मॅडम."

"मग ओलं कापायचं नाही, हे तुम्हीच सांगता ना?"

ही नोकरी गेली असती तर या वयात त्याला दुसऱ्या कुणी दारात उभं केलं नसतं.

मग मी हात धुऊन मागे लागलो. दव वाळल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. पाती पूर्ण वेगात, चाकं मात्र सावकाश. एका फेरीत अर्धीच रुंदी घ्यायची. काम संपलं की इंजिन बंद, प्लगची वायर काढून बाजूला, यंत्र जॅकवर, आणि लाकडी पट्टीने डेक आतून खरवडायचा. खरवडून झाला की मेणाचा हात. तो सगळं ऐकायचा. आमचा धाकटा मुळात गुणी आहे, फक्त त्याला एकच गोष्ट चार वेळा सांगावी लागते.

तीन टाक्यांवर फरक पडला. चौथीवर पडेना. भर उन्हात, दुपारी बारा वाजता, बाकी सगळीकडे गवत कुरकुरीत वाळलेलं असताना चौथ्या टाकीवर चालून आलो की पँट घोट्यापर्यंत भिजायची. टाकी गळत असेल म्हणून मी दोन दिवस पाण्याची पातळी मोजली. केसभरही फरक नव्हता. पंपवाल्याला विचारलं.

"ती तशीच आहे," तो म्हणाला आणि डबा घेऊन उठला. त्याचं जेवण अर्धंच झालं होतं.

धाकटा दुपारचं जेवण चौथ्या टाकीवरच करायचा. वर्कशॉप लांब पडतं आणि तिथे कुंपणाजवळ झाडाची सावली आहे. जेवताना यंत्र तसंच ओल्या गवतावर उभं. गरम डेक, खाली ओलं गवत. घाम फुटल्यासारखी वाफ धरते आणि चोथा आणखी चिकटतो. मी म्हटलं, "अरे शहाण्या, थांबायचंच तर त्या जाळीच्या चौथऱ्यावर चढव आणि डेक खाली टेकव. तिथे कोरडं आहे, खालून वाराही लागेल."

हे मी सांगितलं. माझ्या तोंडाने सांगितलं.

त्या दिवशी संध्याकाळी यंत्र जॅकवर घेतलं आणि मी बघतच राहिलो. डेक आतून स्वच्छ. एक काडी नाही. कोपऱ्याकोपऱ्यांत, नटांच्या खाचांतसुद्धा काही नाही. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. मी सगळ्यांना सांगत सुटलो, बघा, वारा लागला की कसा फरक पडतो! मॅडमनी येऊन वाकून बघितलं आणि "वा" म्हणाल्या. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

आठवड्याने माझ्या लक्षात आलं की मेणही राहत नाहीये. सकाळी मेण लावावं, संध्याकाळी कोरडा पत्रा. मग आतला रंग गेला. सोलून निघाला असता तर कडा दिसल्या असत्या, इथे नुसता विरत गेला होता. खालून पोलाद वर आलं, चमच्यासारखं लखलखीत. पात्यांच्या धारा बघितल्या. दगड लागला की धारेला खाचा पडतात. या धारा गोल झाल्या होत्या, चघळून काढलेल्या गोळीसारख्या.

मी व्हर्नियर काढला आणि पत्र्याची जाडी मोजली. नवा असताना तीन मिलिमीटर. आता दोनला थोडी कमी. पुन्हा मोजली. सहा ठिकाणी मोजली. पोलाद असं तीन आठवड्यांत झिजत नाही. गंजलं तर लाल होतं, घासलं तर ओरखडे दिसतात. इथे ओरखडा औषधालाही सापडला नाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तारीख होती अठरा आणि यंत्र नीट चाललं होतं. बारा दिवस, मी मनात म्हटलं, फक्त बारा दिवस. एकदा कायमचा कागद हातात पडला की जाळीपासून यंत्र हलवू, नवा डेक मागवू, काय वाटेल ते करू. पात्यांना नव्याने धार लावून दिली आणि तोंडाला कुलूप घातलं.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो. भावजय खुशीत होती.

"भाऊजी, यांचे हात बघा. यंत्रावर काम करतात की साबणाच्या कारखान्यात? माझ्यापेक्षा मऊ झालेत!"

धाकटा हसला. "दुपारी जरा जाळीवर हात ठेवून बसतो, दादा. डेकच्या कडेखालून आत जातो हात. इतकं गार वाटतं ना, काय सांगू. झोपच येते."

"इंजिन बंद असतं ना?"

"बंद म्हणजे काय! वायरसुद्धा काढून ठेवतो. तूच शिकवलंस."

तेवढ्यात त्याच्या हातातून पाण्याचा पेला निसटला. त्याने दुसरा भरला, तोही निसटला. भावजय हसली, त्यांच्या पोरी हसल्या, तोही हसला. मी ताट सारून उठलो.

मंगळवारी गेटवरचं हजेरीचं यंत्र त्याचा अंगठा घेईना. तिथे काचेवर अंगठा टेकवला की हिरवा दिवा लागतो आणि हजेरी होते. त्याला लाल दिवा लागला. त्याने मला सांगितलंच नाही. बुधवारी पुन्हा लाल. गुरुवारी सकाळी साडेसातला तो माझ्यासमोर उभा राहून दहाही बोटं एकेक करून लावत होता आणि दिवा दर वेळी लाल होत होता. कारकून दहाला येतो, तेव्हा विचारायलाही कुणी नव्हतं.

"दादा, शेवटच्या महिन्यात दोनपेक्षा जास्त खाडे चालत नाहीत म्हणे. आज तिसरा."

मी त्याला वर्कशॉपमध्ये नेलं, दिव्याखाली हात धरला आणि बेअरिंग तपासायचं भिंग लावलं.

अंगठ्यावर रेषा नव्हत्या. बोटांवर नव्हत्या. तळहात उघडला, तर त्यावरही एकही रेघ नव्हती. धुतलेल्या बशीसारखा हात. माझ्या पाठच्या भावाचा हात, ज्याला धरून मी रस्ता ओलांडायला शिकवलं, तो मला ओळखू येईना. मला रडूच आलं, खरं सांगतो.

"दुखतं का रे?"

"छे! उलट बरं वाटतं."

दुपारी मी त्याच्याबरोबर चौथ्या टाकीवर गेलो. ऊन मी म्हणत होतं. बूट भिजले. मोवर चौथऱ्यावरून मागे घेतलं आणि त्याला झाडाखाली बसायला सांगितलं.

जाळीवर आडवा झालो, आत बघितलं.

टाकीत पाणी हलत असलं की त्याचा आवाज वर येतो, एक मोकळा, पोकळ आवाज. इथे आवाज नव्हता. आतून गार हवा येत होती आणि तिला नुकत्याच कापलेल्या गवताचा वास होता. टॉर्चचा उजेड हातभर जाऊन संपत होता.

लाकडी पट्टी जाळीतून आत सोडली. कोपराएवढी.

काही नाही.

मग पट्टीचं टोक जड झालं. कुणी ओढलं नाही, झटका नाही. नुसतं कशाला तरी टेकल्यासारखं. आणि पट्टीतून माझ्या मुठीपर्यंत एक थरथर आली. सावकाश. खरखरीत. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

पट्टी वर घेतली. टोक ओलं होतं. आणि वीतभर आखूड. जिथे संपत होती तिथे लाकूड गोल, गुळगुळीत.

मान वळवली तर धाकटा झाडाखाली नव्हता.

माझ्या शेजारी गुडघे टेकून बसला होता. मनगटापर्यंत दोन्ही हात जाळीत. डोळे मिटलेले.

मी त्याला मागे खेचलं. कॉलर फाटली. तो चिडला, लहानपणी अंथरुणातून उठवल्यावर चिडायचा तसा.

"सोड ना, दादा. पाच मिनिटं."

"एक मिनिटसुद्धा नाही! नोकरी गेली खड्ड्यात. घरी चल."

यंत्र तिथेच टाकून त्याला घरी सोडलं. भावजयीला सांगितलं, याला उद्यापासून बाहेर पाठवायचं नाही, राजीनामा मी देतो, पोरींच्या शाळेचं मी बघतो. माझ्याकडे बघून तिने त्याचे बूट उचलून कपाटात टाकले.

शुक्रवारी दहाला मी राजीनाम्याचा कागद घेऊन हजेरी कारकुनासमोर उभा राहिलो. त्याने वाचला, चष्मा वर केला.

"हे कशासाठी, मिस्त्री? भावाचा कायमचा हुकूम तर मॅडमनी आत्ताच सही करून पाठवला."

"तीन दिवस हजेरी नाही त्याची. आज चौथा."

"कोण म्हणतं?" त्याने पडदा माझ्याकडे फिरवला. "मंगळवार, बुधवार, गुरुवार, रोज आहे. सगळे हिरवे. आजची बघा, नऊ पन्नास. आत्ताचीच म्हणा ना."

मी तिथूनच भावजयीला फोन लावला.

"तो कुठे आहे?"

"इथेच, माझ्यासमोर. काल आल्यापासून खिडकीत बसलाय, भाऊजी. हाक मारली तर बघतो फक्त."

"सकाळी बाहेर गेला होता?"

"छे हो. दाराला कुलूप आहे. किल्ली माझ्या कमरेला."

गेटवरचं यंत्र कारकुनाच्या खिडकीतून दिसत होतं. काचेवरून हिरवट पाण्याचा एक ओघळ खाली आला होता, अजून ओला. खाली फरशीवर गवताच्या दोन काड्या.

कारकुनाने हुकुमाचा कागद पाकिटात घातला आणि माझ्यापुढे सरकवला.

"अभिनंदन सांगा त्याला. आणि एक समज द्या," तो पडद्यावर बोट फिरवत म्हणाला. "चारही दिवस आत आल्याची नोंद आहे, बाहेर गेल्याची एकही नाही. जाताना पण अंगठा लावायचा असतो म्हणावं."